चहाविधी, जपानी

(चानोयू). हिरव्या चहाची बारीक पूड गरम पाण्यात घुसळून ती ठराविक क्रमाने पाहुण्यांना देण्याचा व पाहुण्यांनीही ठराविक शिष्टाचाराने ती ग्रहण करण्याचा जपानमधील पारंपरिक विधी. ‘चानोयू’ या जपानी संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘चहासाठी गरम पाणी’ असा आहे. या विधीमागील साधनेचा निर्देश ‘सादो’ किंवा ‘चादो’ (चहाचा मार्ग) या संज्ञेने करतात. मराठीतील ‘चहा’ व जपानीतील ‘चा’ हे दोन्ही शब्द मूळ चिनी ‘चा’ या शब्दापासून आलेले आहेत. वास्तुकला, उद्यानरचना, मृत्पात्री, धातुकाम, सुलेखन, पुष्परचना व पाककला यांचा एका पेयाभोवती इतका घनिष्ठ मेळ अन्यत्र क्वचितच आढळतो. चहापानास ज्ञानाची व विधीची जोड मिळाल्याने एका साध्या पेयातून एक समृद्ध कला कशी उभी राहते, याचे चानोयू हे ठळक उदाहरण आहे. तेच ज्ञान सत्तेचे वा प्रतिष्ठेचे साधन झाले म्हणजे कलेचा मूळ हेतू कसा झाकोळतो, हेही तिच्या इतिहासावरून दिसून येते.

चिनी पूर्वपीठिका : चहापानाचे शास्त्र प्रथम चीनमध्ये रचले गेले. थांग काळातील लू यू (७३३–८०४) याने आठव्या शतकाच्या उत्तरार्धात चा-चिंग (म. शी. ‘चहाशास्त्र’) हा चहाविषयीचा पहिला महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. तीन भाग व दहा प्रकरणे असलेल्या या ग्रंथात चहाचे मूळ, पानांची खुडणी, वड्या तयार करण्याची रीत, वीसहून अधिक उपकरणे, पाण्याची निवड व उकळण्याची पद्धती यांचे विवेचन आहे. पाणी उकळताना प्रथम माशाच्या डोळ्यांएवढे, नंतर मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे येतात व अखेरीस लाटा उसळू लागतात. त्यापुढे उकळलेले पाणी चहास निरुपयोगी होते, असे त्याचे प्रतिपादन आहे. आले, बोरे, संत्र्याची साल, पुदिना इ. पदार्थ घालून चहा खूप वेळ उकळण्याची लोकरीत त्याला मुळीच मान्य नव्हती. चिमूटभर मीठ मात्र त्याने कायम ठेवले. चहाच्या चवीकडे लक्षपूर्वक पाहण्याची दृष्टी हे लू यूचे प्रमुख योगदान होय.

सुंग काळात (९६०–१२७९) चहाच्या वड्या दळून त्यांची पूड वाडग्यात बांबूच्या घुसळणीने फेसण्याची पद्धत रूढ झाली. सम्राट ह्वै-त्सुंग (कार. ११००–२५) याने स्वतः चहावर एक प्रबंध लिहिला. याच काळात बौद्ध धर्माच्या चान पंथाच्या मठांत चहापानास नियमबद्ध रूप लाभले. रात्रीच्या ध्यानधारणेत झोप आवरावी म्हणून भिक्षू चहा घेत आणि मठातील बैठकींत चहा कसा वाटावा, याचे नियम ११०३ मधील मठनियमांच्या ग्रंथात दिलेले आहेत. संस्कृत ‘ध्यान’ या शब्दाचे चिनी रूप ‘चान’ व त्याचे जपानी रूप ‘झेन’ होय. भारतातून चीनमध्ये गेलेल्या बोधिधर्माने ध्यानात पेंग आली म्हणून आपल्या पापण्या कापून टाकल्या व त्या जेथे पडल्या तेथे चहाचे झुडूप उगवले, ही दंतकथा चहा व ध्यान यांचा संबंध सूचित करते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, १३९१ मध्ये, मिंग वंशाच्या संस्थापक सम्राटाने वड्यांच्या रूपात राजकर म्हणून चहा स्वीकारणे बंद केले. त्यानंतर चीनमध्ये सुटी पाने गरम पाण्यात भिजविण्याची पद्धत सार्वत्रिक झाली व फेसलेला चहा तेथून हळूहळू लुप्त झाला. सुंग काळातील ही रीत जपानमध्ये मात्र टिकून राहिली.

जपानमधील प्रारंभ : एइचू या भिक्षूने ८१५ मध्ये सम्राट सागा यास चहा दिल्याची नोंद जपानी राजबखरीत आढळते. सम्राटाने काही प्रांतांत चहाची लागवड करण्याची आज्ञाही दिली. तथापि चीनशी संपर्क क्षीण झाल्यावर ही प्रथा मागे पडली. चीनमध्ये दोनदा जाऊन ११९१ मध्ये परतलेला झेन भिक्षू एइसाइ (११४१–१२१५) याने चहाचे बी व फेसलेल्या चहाची रीत जपानमध्ये आणली, असे मानतात. त्याच्या किस्सा योजोकी (१२११, म. शी. ‘चहापान व आरोग्यरक्षण’) या ग्रंथात चहाचा विचार प्रामुख्याने औषध म्हणून केलेला आहे. शरीरातील पाच इंद्रियांपैकी हृदयास कडू रसाची गरज असते व तो चहातून मिळतो, अशी त्याची उपपत्ती होती. मद्यपानाने अस्वस्थ झालेल्या शोगुन सानेतोमो यास १२१४ मध्ये एइसाइने चहा व हा ग्रंथ दिल्याची नोंद आहे. एइसाइकडून बी मिळालेल्या म्योए (११७३–१२३२) या भिक्षूने क्योतोजवळील तोगानो येथे चहा लावला, अशी परंपरा आहे. पुढे क्योतोच्या दक्षिणेकडील ऊजी हा परिसर उत्कृष्ट चहासाठी ख्यातनाम झाला.

मठाबाहेर पडताच चहाचे रूप बदलले. चौदाव्या शतकात सरदारवर्गात चहाच्या चवीवरून त्याचे मूळ स्थान ओळखण्याच्या स्पर्धा (तोचा) लोकप्रिय झाल्या. तोगानोचा चहा तो ‘खरा’ व इतर सर्व ‘बिगर’ अशी त्यात विभागणी असे. चीनमधून आणलेली चित्रे व भांडी मांडून वैभवाचे प्रदर्शन करावयाचे, मौल्यवान वस्तूंच्या पैजा लावावयाच्या व शेवटी मद्यपान करावयाचे, असा या मेळाव्यांचा थाट असे. १३३६ मध्ये आशिकागा शोगुनशाहीने काढलेल्या आज्ञापत्रात जुगारयुक्त चहामेळाव्यांचा निषेध करावा लागला. चव ओळखण्याचे सूक्ष्म ज्ञान या स्पर्धांमुळे वाढले, हे खरे. पण ते ज्ञान पैज जिंकण्यापुरतेच राहिले.

साधेपणाच्या सौंदर्यदृष्टीचा उदय : ओनिन युद्धाने (१४६७–७७) क्योतो शहर उद्ध्वस्त झाले. सत्तात्याग केलेला शोगुन आशिकागा योशिमासा (१४३६–९०) याने शहराच्या पूर्वेस हिगाशियामा येथे निवृत्तिस्थान बांधले. तेथील, सु. १४८६ मध्ये बांधलेली, साडेचार चट्यांची (सु. ८ चौ. मी.) एक लहान खोली पुढील चहाकक्षांचा आदर्श मानली जाते. जपानी खोलीचे क्षेत्र गवती ‘तातामी’ चट्यांच्या संख्येवरून सांगतात. याच काळातील मुराता जुको (१४२३–१५०२) हा साध्या शैलीच्या चहाविधीचा प्रवर्तक होय. एका शिष्यास लिहिलेल्या पत्रात त्याने अहंकार हा या मार्गातील सर्वांत मोठा अडथळा असल्याचे सांगितले आणि चिनी व जपानी वस्तूंमधील भेद पुसून टाकण्याचा आग्रह धरला. झिलई नसलेली, ओबडधोबड जपानी भांडी तोपर्यंत धान्य वा बियाणे साठविण्यापुरतीच वापरली जात. जुकोने त्यांना झळाळत्या चिनी भांड्यांशेजारी स्थान दिले. मात्र पुरेशी समज नसताना केवळ अनुकरण म्हणून ओबडधोबडपणा मिरविणाऱ्या नवशिक्यांनाही त्याने सावध केले आहे. साधेपणाची पारख होण्यासाठी आधी उत्तमाची ओळख असावी लागते, असा याचा आशय आहे.

ही दृष्टी साकाइ या समृद्ध बंदरातील व्यापाऱ्यांनी पुढे नेली. ताकेनो जोओ (१५०२–५५) याने काव्यशास्त्राचे अध्ययन केले होते. साखळीकाव्यातील अभिरुचीच्या कल्पना त्याने चहाविधीत आणल्या व कक्षाची सजावट अधिक साधी केली. या शैलीस ‘वाबी’ असे नाव पडले. मूळ अर्थाने वाबी म्हणजे दैन्य वा एकाकीपण. अपुरेपणातच समाधान व सौंदर्य पाहण्याची वृत्ती असा अर्थ त्यास पुढे प्राप्त झाला.

सेन नो रिक्यू व सत्ताधीश : साकाइमधील मासळीच्या वखारी असलेल्या व्यापारी कुटुंबात जन्मलेला व जोओचा शिष्य असलेला सेन नो रिक्यू (१५२२–९१) याने चहाविधीस पूर्णत्व दिले. यामाझाकी येथील ‘ताइआन’ हा त्याने रचलेला मानला जाणारा चहाकक्ष अवघ्या दोन चट्यांचा आहे. मातीच्या भिंती, कागदी खिडक्या, बांबूचे वासे आणि जेमतेम ६५ सेंमी. उंचीचे प्रवेशद्वार (निजिरिगुची) हे अशा कक्षाचे विशेष होत. या द्वारातून सर्वांनाच वाकून व सरपटत आत जावे लागे. कमरेची तलवार सामुराईस बाहेरच्या फळीवर ठेवावी लागे. कौले करणाऱ्या चोजिरो (मृ. १५८९) या कारागिराकडून रिक्यूने चाकावर न फिरविता हाताने घडविलेले काळे व तांबडे वाडगे करवून घेतले. तेच पुढे ‘राकू’ या नावाने प्रसिद्ध झाले. बांबूचे कांडे कापून त्याने फुलदाणी केली. कमी मोलाच्या वस्तूंतून उच्च अभिरुची व्यक्त करण्याचे त्याचे सामर्थ्य यातून दिसते.

या साधेपणाच्या पुरस्कर्त्याचा आश्रयदाता मात्र त्या काळातील सर्वांत बलाढ्य सत्ताधीश होता. ओदा नोबुनागा (१५३४–८२) याने जिंकलेल्या शहरांतून नामांकित चहापात्रे हस्तगत केली व जमिनीऐवजी ती सरदारांना इनाम म्हणून दिली. चहासमारंभ करण्याची परवानगी हाही त्याच्या दरबारी एक बहुमान होता. साकाइच्या चहागुरूंना, त्यांत रिक्यूसही, त्याने सेवेत घेतले. नोबुनागाच्या मृत्यूनंतर तोयोतोमी हिदेयोशी (१५३७–९८) याने हीच नीती पुढे चालविली. १५८५ मध्ये हिदेयोशीने सम्राटास चहा दिला, तेव्हा रिक्यूस ‘रिक्यू कोजी’ ही उपाधी मिळाली. पुढील वर्षी सुट्या भागांत हलविता येणारा, सोन्याच्या पत्र्याने मढविलेला चहाकक्ष राजवाड्यात उभारण्यात आला. सुवर्णकक्ष व दोन चट्यांची मातीची झोपडी ही एकाच कालखंडातील व एकाच आश्रयाखालील दोन टोके होत.

१५८७ मध्ये हिदेयोशीने क्योतोतील कितानो येथे भव्य चहामेळावा भरविला. ज्याच्यापाशी एक किटली व एक वाडगा असेल, अशा शेतकऱ्यापासून सरदारापर्यंत सर्वांना त्याचे जाहीर आमंत्रण होते. चहा नसल्यास भाजलेल्या धान्याची पूडही चालणार होती. मात्र जे येणार नाहीत त्यांना यापुढे चहाविधी करता येणार नाही, अशी तंबीही त्याच घोषणेत होती. दहा दिवसांचा हा मेळावा एका दिवसातच आटोपला. समता व हुकूम यांचे हे मिश्रण तत्कालीन चहासंस्कृतीचे द्योतक आहे.

रिक्यूचे वजन जसे वाढले, तसा त्याच्याभोवतीचा धोकाही वाढला. १५९१ मध्ये हिदेयोशीने त्यास आत्महत्येची आज्ञा दिली. क्योतोतील दाइतोकुजी मठाच्या महाद्वाराच्या माडीवर रिक्यूचा लाकडी पुतळा बसविल्याने शासनकर्त्यास त्याच्या पायांखालून जावे लागते, हा एक व चहापात्रांच्या क्रयविक्रयात अवाजवी नफा घेतला, हा दुसरा असे आरोप ठेवण्यात आले. खऱ्या कारणाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. तथापि दुसरा आरोप अर्थपूर्ण आहे. साध्या मातीच्या भांड्यास मोल असते ते पारख्याच्या शब्दामुळे आणि ज्याच्या शब्दाने मोल ठरते त्याच्या हाती एक प्रकारची टाकसाळच येते. रिक्यूचा शिष्य फुरुता ओरिबे (१५४४–१६१५) यासही पुढे तोकुगावा सत्तेच्या आज्ञेने आत्महत्या करावी लागली. हिदेयोशीच्या कोरियावरील स्वाऱ्यांत (१५९२–९८) अनेक कोरियन कुंभारांना जपानमध्ये आणण्यात आले. कारात्सू, हागी इ. ठिकाणच्या, चहाविधीत मान्यता पावलेल्या मृत्पात्रीत त्यांच्या कसबाचा मोठा वाटा आहे.

यूरोपीय निरीक्षक : या कालखंडातील चहाविधीची मोलाची वर्णने जेझुइट धर्मप्रचारकांनी लिहून ठेवली आहेत. जपानमधील त्यांचे कार्य गोव्यातील केंद्राशी जोडलेले होते. लुईश फ्रोइश (१५३२–९७) हा १५४८ मध्ये गोव्यास आला, तेथेच त्याचे शिक्षण व दीक्षा झाली आणि १५६३ मध्ये तो जपानला पोहोचला. गोव्यामार्गे १५७९ मध्ये जपानला गेलेला आलेस्सांद्रो वालिन्यानो (१५३९–१६०६) याने जेझुइट निवासांत पाहुण्यांसाठी चहाची खोली असावी, असा दंडक घातला. बुंगो प्रांताच्या अधिपतीने त्यास चहाची एक लहान मातीची डबी दाखविली. पिंजऱ्यातील पाखरास पाणी ठेवण्यापलीकडे तिचा काही उपयोग वालिन्यानोस दिसेना. पण तिची किंमत सु. १४,००० डुकॅट होती. यूरोपीय लोक हिरेमाणकांसाठी एवढी रक्कम का मोजतात, याचे जपानी लोकांना तितकेच नवल वाटते, असेही त्याने नमूद केले आहे. वस्तूचे मोल त्या वस्तूपेक्षा पाहणाऱ्याच्या संस्कारांवर अवलंबून असते, हे त्याने अचूक टिपले. झ्वाँव रॉद्रीगिश या जेझुइटाने पुढे आपल्या जपानविषयक इतिहासग्रंथात चहाविधीस स्वतंत्र प्रकरणे दिली.

विधीचे स्वरूप : पूर्ण चहासमारंभ (चाजी) सु. चार तास चालतो व त्यास बहुधा पाचपर्यंत पाहुणे असतात. पाहुणे प्रथम दवाने भिजल्यासारख्या शिंपडलेल्या बागेतील पायवाटेने (रोजी) येतात, दगडी कुंडीतील पाण्याने हात व तोंड धुतात आणि कक्षात प्रवेश करतात. भिंतीतील कोनाड्यात (तोकोनोमा) लावलेली सुलेखनाची गुंडाळी ते प्रथम नमस्कार करून पाहतात. तीवरील वचन, बहुधा एखाद्या झेन आचार्याचे, त्या दिवसाच्या प्रसंगाचे सूत्र असते. यजमान त्यांच्या समोर कोळसे रचतो, हलके भोजन (काइसेकी) देतो व नंतर मिठाई देतो. थोड्या विश्रांतीनंतर घंटानाद झाला की पाहुणे पुन्हा आत येतात. आता गुंडाळीच्या जागी फूल असते. यानंतर दाट चहा (कोइचा) एकाच वाडग्यातून सर्वजण क्रमाने घेतात. शेवटी प्रत्येकासाठी स्वतंत्र पातळ चहा (उसुचा) फेसला जातो.

या क्रमातील प्रत्येक कृतीमागे काही कारण आहे व ते उमगल्यावरच ती कृती अर्थपूर्ण होते. स्वच्छ असलेली डबी व चमचा यजमान पाहुण्यांदेखत रेशमी रुमालाने पुन्हा पुसतो. त्यातून वस्तूच्या शुद्धीबरोबर मनाची एकाग्रताही साधावयाची असते. वाडग्याची सर्वांत सुंदर बाजू यजमान पाहुण्याकडे करतो. पाहुणा नम्रतेने वाडगा किंचित फिरवून त्या बाजूस ओठ न लावता पितो. उन्हाळ्यात पसरट व उथळ वाडगा वापरतात, कारण त्यात चहा लवकर निवतो. हिवाळ्यात खोल वाडगा ऊब धरून ठेवतो. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पाहुण्यांपासून दूर ठेवलेली शेगडी (फुरो) व नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत जमिनीत खोदलेली, पाहुण्यांच्या जवळची चूल (रो) वापरतात. लोखंडी किटलीतील पाण्याच्या सुरास ‘पाइनच्या झाडांतील वारा’ असे म्हणतात व त्यावरून जाणकारास पाण्याचे तापमान कळते. पिऊन झाल्यावर मुख्य पाहुणा डबी व चमचा पाहण्यास मागतो, त्यांचे कर्ते व नावे विचारतो. अशा वेळी पाहुणाही यजमानाइतकाच जाणता असावा लागतो. त्याच्या अज्ञानाने समारंभ निष्फळ होऊ शकतो.

चहाची निपजही अशाच ज्ञानावर आधारलेली आहे. खुडणीपूर्वी सु. वीस दिवस झुडपांवर आच्छादन घालून ऊन अडवितात. पानांतील थीॲनीन हे ॲमिनो अम्ल उन्हात तुरट कॅटेचिनांत रूपांतरित होते. सावलीत हे रूपांतर मंदावते, त्यामुळे पानात मधुर रस टिकतो व हिरवा रंगही गडद होतो. थीॲनिनाचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये लावला. आच्छादनाची रीत मात्र त्यापूर्वी कित्येक शतके अनुभवाने सिद्ध झालेली होती. पाने वाफवून, वाळवून व शिरा काढून दगडी जात्यावर सावकाश दळतात. हाताने फिरविलेल्या जात्यातून तासाला सु. ४० ग्रॅ. एवढीच पूड मिळते, कारण वेग वाढल्यास घर्षणाच्या उष्णतेने सुगंध उडतो. पातळ चहासाठी सु. २ ग्रॅ. पूड लागते. पाणी पूर्ण उकळते नसून सु. ८०° से. तापमानाचे असल्यास तुरटपणा कमी उतरतो. मिठाई आधी खाण्याची प्रथाही चहाचा कडूपणा सौम्य वाटावा यासाठीच आहे. वसंतातील नवा चहा मातीच्या बरणीत मुरवत ठेवून नोव्हेंबरमध्ये तिचे मोहोरबंद तोंड उघडणे, हे चहावर्षाचे आरंभपर्व समजले जाते.

सुसंवाद (वा), आदर (केइ), शुद्धता (सेइ) व प्रशांतता (जाकू) ही चहाविधीची चार तत्त्वे परंपरेने रिक्यूच्या नावे सांगितली जातात. प्रत्येक भेट आयुष्यात एकदाच घडते, तेच पाहुणे व तोच यजमान पुन्हा भेटले तरी तो प्रसंग परतून येत नाही, हा ‘इचिगो इचिए’चा विचार ई नाओसुके (१८१५–६०) या चहाशास्त्रज्ञाने विस्ताराने मांडला. तो शोगुनशाहीचा प्रधान होता व १८६० मध्ये एदो किल्ल्याच्या द्वाराबाहेर त्याची हत्या झाली.

घराणी व शिक्षणपद्धती : रिक्यूचा नातू सेन सोतान (१५७८–१६५८) याने आजोबांचा अंत ध्यानी ठेवून दरबारी सेवा स्वीकारली नाही. त्याच्या तीन पुत्रांपासून ओमोतेसेन्के, उरासेन्के व मुशाकोजीसेन्के ही तीन घराणी निर्माण झाली. सरदारवर्गात कोबोरी एन्शू (१५७९–१६४७) व काटागिरी सेकिशू (१६०५–७३) यांच्या शैली मान्यता पावल्या. एदो काळात (१६०३–१८६७) नगरवासी व्यापाऱ्यांमध्ये चहाविधी पसरला, तेव्हा त्याचे शिक्षण घराणेप्रमुखाच्या (इएमोतो) नियंत्रणाखाली आले. हिंदुस्थानी संगीतातील घराण्यांप्रमाणेच येथेही विद्या गुरुमुखातून मिळते. फरक असा, की प्रत्येक पायरी शिकण्याचा परवाना घराणेप्रमुखच देतो व त्यासाठी शुल्क द्यावे लागते. या व्यवस्थेमुळे सूक्ष्म हस्तक्रिया, पात्रांच्या परंपरा व त्यांवर अवलंबून असलेले कारागीर टिकून राहिले. पण घराणेप्रमुखाच्या स्वाक्षरीने वस्तूची किंमत वाढणे, पाठांतरालाच ज्ञान समजणे व नव्या प्रयोगांना वाव न उरणे हे तिचे दोषही उघड आहेत.

या कर्मठपणाची प्रतिक्रिया अठराव्या शतकात उमटली. बाइसाओ (‘चहा विकणारा म्हातारा’, १६७५–१७६३) या भूतपूर्व झेन भिक्षूने क्योतोच्या रस्त्यांवर व देवळांच्या आवारात पानांचा साधा चहा (सेन्चा) विकावयास आरंभ केला. मोल म्हणून ग्राहक देईल ते तो स्वीकारी. वृद्धापकाळी, आपल्यामागे ही उपकरणे श्रीमंतांच्या संग्रही जाऊन पूजाविषय होऊ नयेत म्हणून, त्याने त्यांतील बरीचशी जाळून टाकली. तथापि त्याच्या अनुयायांनी थोड्याच काळात सेन्चाचाही विधी रचला व त्याच्या उपकरणांच्या प्रतिकृती करून जतन केल्या.

आधुनिक काळ : मेजी पुनःस्थापनेनंतर (१८६८) सरदारांचा आश्रय संपला व त्यांच्या संग्रहातील चहापात्रे विक्रीस निघाली. नव्या शासनाने चहाविधीस करमणुकीच्या वर्गात घातले, तेव्हा उरासेन्केचा अकरावा प्रमुख गेन्गेन्साइ (१८१०–७७) याने त्यास लेखी हरकत घेतली. १८७२ च्या क्योतो प्रदर्शनासाठी त्याने परदेशी पाहुण्यांना खुर्चीवर बसून चहा घेता यावा, अशी मेजखुर्चीची पद्धत (र्यूरेइ) रचली. मासूदा ताकाशी (१८४८–१९३८) यांसारखे उद्योगपती पात्रांचे नवे संग्राहक झाले. याच काळात मुलींच्या शाळांतून चहाविधी शिकविला जाऊ लागला. तोपर्यंत मुख्यतः पुरुषांच्या असलेल्या या कलेत विसाव्या शतकात स्त्रियांची संख्या बहुसंख्य झाली.

ओकाकुरा काकुझो (१८६२–१९१३) याचा द बुक ऑफ टी (१९०६) हा इंग्रजी ग्रंथ न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाला व चहाविधीचा पाश्चात्त्य जगास विस्तृत परिचय झाला. त्यापूर्वी १९०१-०२ मध्ये ओकाकुरा भारतात आला होता. स्वामी विवेकानंदांसह त्याने बोधगयेची यात्रा केली व कलकत्त्यात ठाकूर कुटुंबाशी त्याचा स्नेह जडला. दुसऱ्या महायुद्धानंतर नौदलातून परतलेले उरासेन्केचे पंधरावे प्रमुख सेन गेन्शित्सू (१९२३–२०२५) यांनी एका वाडगाभर चहातून शांतीचा संदेश देण्यासाठी देशोदेशी प्रवास केला व अनेक देशांत शिक्षणकेंद्रे स्थापन केली.

मूल्यमापन : विसाव्या शतकातील कठोर टीका लोककलांचा पुरस्कर्ता यानागी सोएत्सू (१८८९–१९६१) याने केली. क्योतोतील दाइतोकुजीच्या एका उपमठात जतन केलेला, राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेला ‘किझाएमोन’ हा वाडगा यानागीच्या मते कोरियातील अनाम कुंभाराने रोजच्या वापरासाठी केलेले अगदी सामान्य भांडे होते. त्यातील सौंदर्य ओळखणारे जुने चहागुरू थोर होते. त्यानंतरचे मात्र वस्तू न पाहता तिची पेटी, नाव व किंमत पाहू लागले, असे त्याचे म्हणणे होते. ही टीका चहाविधीच्या विरुद्ध नसून त्याच्याच मूळ तत्त्वांच्या आधाराने केलेली आहे आणि म्हणूनच ती महत्त्वाची ठरते.

चहाविधीच्या इतिहासात एक आवर्तन पुन्हापुन्हा दिसते. ज्ञानाने चव व दृष्टी सूक्ष्म होते, त्या सूक्ष्मतेस प्रतिष्ठा लाभते, प्रतिष्ठेतून संपत्ती व सत्ता यांचा शिरकाव होतो आणि अखेर कोणीतरी पुन्हा साध्या वाडग्याकडे परततो. जुको, रिक्यू, बाइसाओ व यानागी हे अशा परतण्याचे टप्पे होत. अन्य देशांतही पेयांभोवती विधी निर्माण झाले आहेत. येमेनमधील सूफी पंथीयांनी पंधराव्या शतकात रात्रीच्या नामस्मरणासाठी कॉफी स्वीकारली. इथिओपियात यजमानीण पाहुण्यांसमोर कॉफीच्या बिया भाजून, कुटून तीनदा कॉफी देते. झोप आवरण्यापासून आरंभ होऊन सहवासापर्यंत पोहोचणे ही या सर्वांतील समान वाट आहे. जपानी चहाविधीचे वेगळेपण त्याने या सहवासास दिलेल्या शिस्तीत आहे. पाणी तापविणे, चहा फेसणे, देणे व पिणे या चार नित्याच्या क्रिया पूर्ण अवधान देऊन केल्या, तर पिणाऱ्यास त्यात ऋतू, वस्तू घडविणारा हात व समोरचा माणूस या तिहींचे भान येते. हे भान देण्यास जोवर विधी समर्थ असतो, तोवरच त्याच्या नियमांना अर्थ राहतो.